मोटार थांबवणारा राघो

राघो तांबे ड्रायव्हर झाला तो हॉर्नच्या रागानं. त्याचा बाप कोंडू भिवंडीत हातगाडी ओढायचा. तरुणपणी दिघाशी या गावाहून आला, नदीनाक्याच्या पलीकडे एका चाळीत खोली धरली, आणि मग सुताची पोती आणि कापडाचे तागे या कारखान्यातून त्या कारखान्यात नेण्यात त्याचं आयुष्य गेलं. मागून टेंपो आला की आधी हॉर्न यायचा, मग क्लीनरची शिवी. कोंडू मान वर करायचा नाही. गाडी गटाराच्या कडेला घ्यायची, टेंपोला जाऊ द्यायचं आणि पुन्हा ओढायला लागायचं. राघोनं हे इतक्यांदा पाहिलं होतं, की दहावीत नापास झाला तेव्हा पुढं काय हा प्रश्न त्याला पडलाच नाही. आपण हॉर्न ऐकायचा नाही, आपण वाजवायचा.

तो टेंपोवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, आणि भिवंडीच्या गल्ल्यांतून त्यानं असा काही टेंपो हाकला की ओट्यावर बसलेली माणसं त्याचा आवाज ओळखून पाय वर घ्यायची. घरून कामावर यायला त्याच्याकडे सायकल होती. तीही तो टेंपोसारखीच चालवायचा. घंटी सतत चालू, ब्रेक जवळजवळ नवे.

अशा माणसाला आमच्या तात्यांनी आपली मोटार चालवायला ठेवलं. का ठेवलं, हे कळायला आधी तात्या कोण ते सांगितलं पाहिजे.

तात्या म्हणजे ॲडव्होकेट चिंतामणी वझे. ब्राह्मण आळीत आमच्या शेजारी राहायचे. काळा कोट हातावर टाकून, छत्री घेऊन ते रोज पायी कोर्टात जायचे. ब्याऐंशी सालच्या पावसाळ्यात एक स्कूटर त्यांच्या पांढऱ्या पँटीवर चिखल उडवून निघून गेली. दुसरा कोणी असता तर पँट धुवायला टाकून मोकळा झाला असता. तात्यांनी संघ काढला. 'भिवंडी पादचारी व सायकलस्वार संघ'. अध्यक्ष तात्या. चिटणीस मी, कारण मी शाळामास्तर होतो, शेजारी राहत होतो, आणि मला कोणाला नाही म्हणता येत नसे.

संघाचं म्हणणं सोपं होतं. भिवंडीत मोटारी मूठभर. बाकी सगळं शहर पायी चालतं नाहीतर सायकलवर असतं. लूमची शिफ्ट सुटली की वंजारपट्टी नाक्यावर माणसांचा पूर येतो. तरीही अंग चोरून गटारावरून चालायचं ते या माणसांनी, आणि मधोमध जायची ती एक मोटार, एकाच माणसाला घेऊन. हे उलट व्हायला हवं. तात्या हे फार छान मांडायचे. आम्ही सभा घ्यायचो, अर्ज द्यायचो, आणि मोटारी आमच्या सभेच्या बाजूनं हॉर्न देत जायच्या.

संघामुळं रस्ते बदलले नाहीत, पण तात्यांची वकिली बदलली. लूमवाले, सुताला खळ देणारे सायझिंगवाले, हातगाडीवाले असे सगळे त्यांना ओळखू लागले. 'अपने वकीलसाहब' म्हणून त्यांच्याकडे येऊ लागले. पायी चालणाऱ्यांचा कैवार घेतल्यानं तात्यांची एवढी भरभराट झाली, की शहाऐंशी साली त्यांनी मोटार घेतली.

म्हणजे घेतली ती विद्युल्लताकाकूंनी, त्यांच्या पत्नीनं. कल्याणच्या एका डॉक्टरांची पांढरी फियाट विकायला निघाली होती. काकूंनी तात्यांना न विचारता सौदा केला आणि मोटार दारात उभी राहिल्यावर म्हणाल्या, "आता आलीच आहे तर बसा."

"विद्युल्लता, मी संघाचा अध्यक्ष आहे," तात्या म्हणाले.

"मग काय झालं? तुम्ही बसा आणि संघाला चालू दे."

तात्यांनी चालवायला शिकून पाहिलं. पहिल्याच दिवशी ते समोरच्यांच्या ओट्यावर चढले. तेव्हा ड्रायव्हर शोधायचं ठरलं. आळीतल्या बोळांमधून मोटार काढणं सोपं नव्हतं. ते काम येणारा एकच माणूस सगळ्यांनी सांगितला, तो राघो. राघोलाही टेंपोचा कंटाळा आला होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि मोटारीचा ड्रायव्हर म्हटलं की मंदाच्या माहेरी जरा वजन पडणार होतं. असा तो नोकरीला लागला. रोज नदीनाक्याहून सायकल दामटत यायचा, ती तात्यांच्या अंगणात लावायचा, शर्टाची इन करायचा आणि फियाटचं दार उघडून उभा राहायचा.

पहिले काही आठवडे सगळं रीतसर चाललं. राघो हॉर्न वाजवायचा, माणसं बाजूला व्हायची, आणि तात्या मागच्या सीटवर वर्तमानपत्र जरा उंच धरून बसायचे.

मग संघाची वार्षिक सभा आली. मंडईजवळच्या मैदानात मांडव घातला होता. तात्या मोटारीतूनच आले, पण अलीकडच्या वळणावर उतरून शेवटचा तुकडा चालत आले. राघो मोटारीला टेकून मागं उभा होता. त्यानं साहेबांचं भाषण आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तात्या त्या दिवशी भलतेच रंगले होते. "रस्त्यावर पहिला मान पायी चालणाऱ्याचा!" ते म्हणाले. "दुसरा सायकलवाल्याचा. तिसरा हातगाडीवाल्याचा, जो या शहराचं ओझं ओढतो. आणि या सगळ्यांना वाट देऊन जर काही उरलं, तर ते मोटारवाल्याचं! मोटारवाल्यानं थांबायला शिकलं पाहिजे. थांबण्यात कमीपणा नाही, थांबण्यात माणुसकी आहे!"

टाळ्या पडल्या. मागं वळून पाहिलं तर सगळ्यात जोरात टाळ्या राघो वाजवत होता. हातगाडीवाल्याचं वाक्य त्याला लागलं होतं. त्याच्या बापाबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि हे तर त्याचा मालक माईकवरून बोलत होता. राघोच्या हिशेबी मालकानं सगळ्यांसमक्ष सांगितलेली गोष्ट म्हणजे ड्युटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फियाट वंजारपट्टी नाक्यावर आली तेव्हा रात्रपाळी सुटत होती. राघोनं मोटार थांबवली.

तात्यांनी वर्तमानपत्राचं एक पान वाचलं, मग उलटलं. मोटार तिथंच.

"काय रे, बंद पडली काय?"

"न्हाय साहेब. माणसं जातायत."

"ती जायचीच. तू हॉर्न दे."

राघोनं आरशातून मागं पाहिलं. त्याला वाटलं, साहेब परीक्षा बघतायत. "पहिला मान त्यांचा हाय ना साहेब," तो म्हणाला.

तात्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उंच धरलं. आदल्या दिवशीच्या हाराची फुलं अजून मागच्या काचेपाशी पडलेली होती. माणसं मात्र संपेनात. सुटलेली पाळी गेली तोवर चढणारी पाळी आली. ती गेली तोवर सायकली आल्या. मोटार थांबलीय हे लोकांच्या आधी लक्षातच आलं नाही. मग एक लूमवाला बोनेटपाशी थबकला, काचेतून आत वाकून पाहू लागला आणि ओरडला, "अरे, ये तो वकीलसाहब की गाड़ी है! आराम से जाओ, आराम से!"

आणि लोक आरामात गेले.

तात्या कोर्टात पोचले तेव्हा त्यांच्या खटल्याचा पुकारा होऊन गेला होता आणि पुढची तारीख पडली होती. त्यांचा पक्षकार बाळाराम व्हरांड्यात उभा होता. तात्या मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत पुढं झाले. पण बाळारामनं त्यांचे हातच धरले. त्याच्यावर गाळा खाली करायचा दावा होता, आणि दावा जितका लांबेल तितका त्याला हवा होता. "वकील असावा तर असा," तो दिवसभर कोर्टाच्या आवारात सांगत फिरला. "समोरचा नुसता बघत राहिला. तारीख मागितली न्हाय, अर्ज केला न्हाय, नुसती गाडी थांबवली!"

एका स्थानिक साप्ताहिकानं नाक्यावर थांबलेल्या फियाटचा फोटो छापला. खाली लिहिलं होतं, 'बोले तैसा चाले' असे नेते आज किती? तात्यांनी तो अंक मला दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता की पश्चात्ताप, ते मला नीट ओळखता आलं नाही. राघोला दम द्यायचा त्यांचा विचार होता. आता तो राहून गेला.

पुढं जे झालं त्याला तसा कोणाचाच इलाज नव्हता. ही मोटार थांबते, ही बातमी गावभर झाली. हातगाडीवाले फियाट दिसली की तिच्यासमोर गाडी टेकवून घाम पुसायचे. शेजारणी मध्येच उभ्या राहून एकमेकींना माहेरच्या गोष्टी सांगायच्या. एकदा एका माणसानं आपली शेळी तिच्या बंपरला बांधली आणि तो चहा प्यायला गेला. राघो सगळ्यांसाठी थांबायचा. आत बसून तो एखाद्या यजमानासारखा हात करायचा, या, या, जा.

टेंपो चालवताना त्याला कोणी ओळख दिली नव्हती. आता लोक त्याला हाक मारू लागले, "क्या राघोभाई!" म्हणू लागले. मंदा बाजारात गेली की कोथिंबीरवाली तिला म्हणायची, "तुझा नवरा लई देवमाणूस गं." मंदाला ते आवडायचं, पण पटायचं नाही. कारण ती कधीकधी राघोच्या सायकलच्या मागं बसून यायची, आणि तेव्हा देवमाणूस घंटी बडवत, "ए बाजू! दिसत न्हाय का?" असं ओरडत सगळ्यांना भिंतीला चिकटवत जायचा.

राघो एका माणसाची वाट बघत होता, आणि एक दिवस तो माणूस आला. कल्याण रोडला चढावर कोंडू बीम लादलेली हातगाडी ओढत होता. लूमचे ते जाड लोखंडी रूळ, वर दोरी आवळलेली, आणि खाली वाकलेला म्हातारा. राघोनं फियाट त्याच्या मागं थांबवली. हॉर्न नाही, काही नाही. तात्यांनी विचारायच्या आत तो म्हणाला, "साहेब, माझा बाप हाय."

तात्या पुढं वाकून बघत राहिले. मग सीटवर मागं टेकले आणि हळू म्हणाले, "थांब, थांब. सावकाश जाऊ दे त्यांना."

तात्यांनी ते मनापासून म्हटलं, असं राघो नंतर मला सांगायचा. पण फियाटमागं एक टेंपो होता, टेंपोमागं एस्टी, एस्टीमागं आणखी टेंपो. त्या सगळ्यांना फियाट का थांबलीय ते दिसत नव्हतं. हॉर्न सुरू झाले. एक क्लीनर खाली उतरून पुढं आला, त्यानं पांढरी मोटार बघितली, आतला काळा कोट बघितला, आणि सगळ्या शिव्या कोंडूला दिल्या. कोंडू घाबरला. गाडी कडेला घ्यायच्या घाईत त्याचा पाय घसरला आणि एक बीम सुटून गटारात गेला. राघोनं उतरून तो वर काढायला हात लावला. बाप त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी घरी बोलला.

"तुला कोणी सांगलं थांबाया?"

"तुझ्यासाठी थांबलो ना बाबा. पयला मान तुझा हाय, साहेब म्हणतात."

"मान घेऊन काय करू? तू थांबतोस, आन् शिव्या मला पडतात. मी कडंनं चाललो व्हतो, चाललो असतो. उद्यापासून मी दिसलो का हॉर्न मार आन् निघून जा."

राघोला रात्री जेवण गेलं नाही. मंदानं विचारलं तर म्हणाला, "म्हाताऱ्याला काय कळत न्हाय." पण त्यानंतर बाप पुढं दिसला की तो आधीच दुसऱ्या गल्लीत मोटार घालू लागला. बापाला मानही नको होता आणि त्याला हॉर्न मारायला राघोचा हात धजत नव्हता.

इकडं तात्यांचे हाल वाढत चालले. सगळेच पक्षकार बाळारामसारखे नव्हते. काहींना निकालही हवा होता. मग तात्यांनी त्यांच्या परीनं तोड काढली. ते पुन्हा पायी कोर्टात जाऊ लागले. पायी गेलं की वेळेवर पोचता यायचं. मोटार मागाहून, जशी जमेल तशी यायची, रिकामी, नाक्यानाक्यावर थांबत. साप्ताहिकानं पुन्हा फोटो छापला, 'मोटार असूनही पायी!' संघाचे सभासद वाढले. तात्यांची जुनी पोटदुखी कमी झाली आणि झोप सुधारली. राघोमुळं तात्या आपल्या तत्त्वाप्रमाणे जगायला लागले होते, आणि याबद्दल त्यांनी त्याला कधीही माफ केलं नाही.

मोटारीचा उपयोग आता काकूंना होता. दर गुरुवारी त्या गणेशपुरीला जायच्या. शहराबाहेर तरी गाडी पळेल, अशी त्यांची आशा. एका गुरुवारी वाटेत एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्त्याच्या मधून चाललेली. राघोनं गाडी तिच्या मागं लावली आणि तिच्या चालीनं चालवू लागला. दोन्ही बाजूला भातशेती, म्हातारीला मागं मोटार आहे याचा पत्ता नाही.

काकूंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "राघो, पायी चालणाऱ्याचा मान पहिला. बरोबर?"

"हो, काकू."

"मग तिला आत घे. मोटारीत बसली की ती पायी चालणारी राहत नाही."

राघोला यात खोट सापडेना. मोळी डिकीत गेली, म्हातारी पुढच्या सीटवर बसली. ठकुबाई तिचं नाव. आधी ती अंग चोरून, सीटच्या अगदी कडेला टेकली. मग मागं रेलली. एक वळण गेलं, आणि पुढं दोन बाया हंडे घेऊन चाललेल्या दिसल्या. ठकुबाई राघोला म्हणाली, "हॉर्न मार की रं. कशा मधून चालतान बग!"

काकू हे सांगताना हसून हसून बेजार व्हायच्या. राघो मात्र कधी हसला नाही. "कोण कुठं बसलंय त्याच्यावर असतं मास्तर सगळं," एवढंच म्हणाला.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात जे घडलं, ते त्याच्याच बाबतीत या वाक्याला धरून घडलं.

त्या सकाळी मंदाला बरं नव्हतं, त्यामुळं राघोला निघायला उशीर झाला होता. सायकलवर तो नेहमीच्या दुप्पट वेगानं निघाला. मंडईच्या वळणावर घंटी वाजवत आत घुसला, आणि मेथीची जुडी बघत उभ्या असलेल्या एका माणसाला त्यानं धडक दिली. माणूस टोपल्यांवर पडला. राघो सायकलवरून उडाला, उठला, शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि बघतो तर खाली तात्या.

तात्यांचं मनगट वाकडं झालं होतं. पण वकील माणूस. कळ सोसत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घंटी वाजवलीस का?"

"वाजवली साहेब."

"मीही ऐकली. मग मी बाजूला का झालो नाही?"

राघोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्हाला वाटलं असंल, मी थांबंन."

प्लॅस्टर घातलं. आणि आमच्या संघात एकदम चैतन्य आलं. संघ निघून इतकी वर्षं झाली होती, पण पायी चालणाऱ्याला धडक देणारा माणूस आमच्या हाती कधी सापडला नव्हता. मोटारवाले धडक देऊन थांबतच नसत. राघो थांबला होता. शिवाय ज्याला लागलं तो साक्षात अध्यक्ष. तात्यांच्या ओटीवर कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. सभासद एवढे तावातावानं बोलले, की एरवी आमच्या बैठकीत चहा येईपर्यंत जागं राहणं कठीण असायचं, हे खरं वाटू नये. कोणी म्हणालं, नोकरीवरून काढा. कोणी म्हणालं, पोलिसांत द्या. एकानं तर सायकलस्वार हा शब्द संघाच्या नावातून काढायची सूचना मांडली. मी सगळं लिहून घेत होतो.

राघोला आत बोलावलं. तो दाराशी उभा राहिला.

तात्या गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसले होते. "राघो, मोटारीत असतास तर थांबला असतास ना?"

"थांबलो असतो की."

"मग सायकलवर का नाही?"

राघोनं जरा विचार केला. "साहेब, मोटार तुमची हाय. तिच्यात बसलो की मी तुमच्या तत्त्वावर चालतो. सायकल माझी हाय. तिच्यावर मला कामाला वेळेवर पोचायचं असतं. उशीर झाला का तुम्हीच बोलता."

तात्या हसले असं मला वाटलं, पण कदाचित त्यांना कळ आली असेल. मग त्यांनी निकाल दिला, तो असा. मोटार चालवण्यात राघोची काही चूक नाही, सबब नोकरी राहील. चूक सायकल चालवण्यात आहे, सबब राघोनं यापुढं सायकलवर कामाला यायचं नाही.

सभासदांनी माना डोलावल्या. सायकलस्वारांच्या संघानं एका सायकलस्वाराची सायकल बंद केली, हे कोणाच्या लक्षात आलं असलं तरी कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही, नुसतं लिहिलं.

राघो पायी येऊ लागला. नदीनाक्याहून चालत यायचं म्हणजे उशीर आलाच. हाताला प्लॅस्टर असल्यानं कोट नि कागद सांभाळत चालणं जमेना, म्हणून तात्यांना आता मोटार लागत होती. ती जागच्या जागी उभी, ड्रायव्हर वाटेत. आठवडाभर हे चाललं. शेवटी काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "राघो, संध्याकाळी मोटार घरी घेऊन जात जा, आणि सकाळी घेऊन ये. म्हणजे कोणाला पायी यायला नको नि कोणाला वाट बघायला नको."

अशा रीतीनं आमच्या संघाच्या हयातीत एवढी एकच ठोस गोष्ट घडली. भिवंडीतला एक सायकलवाला कमी झाला आणि एक मोटारवाला वाढला.

त्या संध्याकाळी फियाट नदीनाक्यापलीकडच्या चाळीत शिरली. चाळीसमोरचा बोळ एवढासा. मोटार उभी राहिली आणि बोळ भरून गेला. बाया हंडे घेऊन आडव्या होऊन जाऊ लागल्या. मुलांना खेळायला जागा उरली नाही. आणि सर्वांत आतल्या टोकाला कोंडूची हातगाडी अडकली. सकाळी राघो मोटार मागं घेऊन बाहेर काढीपर्यंत ती हलेना. ज्याला वाट द्यायला आपण सगळ्या भिवंडीसमोर थांबलो, त्याचीच वाट आपण अडवली. तो धावत बापाकडं गेला. "बाबा, उद्यापासून नाक्यावर लावतो. तुझी गाडी निघत न्हाय."

कोंडू फडक्यानं मोटारीचा आरसा पुसत होता. "कशाला नाक्यावर? इथं बरी हाय."

"तुला उशीर होतो ना."

"होऊ दे." आणि शेजारचा महादू अंग वाकडं करून, पोट आत ओढून मोटारीच्या कडेनं चालला होता, त्याला कोंडू मोठ्यानं म्हणाला, "जरा बेतानं जा रं महादू. पोराची गाडी हाय, रंग खरवडंल."

राघोनं हे मला सांगितलं तेव्हा त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. बापासाठी मोटार थांबवली तेव्हा बाप चिडला. बापाच्या वाटेत मोटार उभी केली तेव्हा बापाची छाती फुगली. पण त्या वर्षी कोंडू त्याच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागला, हे खरं. एका रविवारी, काकूंना विचारून, राघो त्याला मोटारीत बसवून दिघाशीला घेऊन गेला. बुद्धवाडीतली माणसं जमली. कोंडू खिडकीतून हात बाहेर काढून बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. पुढच्याच पावसाळ्यात तो गेला. आठवड्याचं दुखणं, फार त्रास न होता.

नव्वदच्या पुढं भिवंडी बदलत गेली. रिक्षा आल्या, मोठाले ट्रक आले, मानकोलीकडं रस्त्याच्या कडेनं गोदामं उभी राहू लागली. नाक्यावर फियाट थांबली तरी आता कोणी आराम से जात नव्हतं, कारण तिला दोन्ही बाजूंनी वळसा घालून रिक्षा पुढं जायच्या. थांबलेल्या मोटारीपुढून जाणं हे चालत्या मोटारीपुढून जाण्यापेक्षा धोक्याचं झालं. मग लोकच राघोला हातानं पुढं जायची खूण करू लागले. तो ऐकायचा नाही. ते थांबलेले, हा थांबलेला, आणि मधून रिक्षा.

चौऱ्याण्णवमध्ये तात्या वारले. संघाची शेवटची सभा म्हणजे त्यांची शोकसभा. मोटार विकायचं त्यांच्या मुलांनी सुचवलं तर काकू म्हणाल्या, "विकायची नाही. मी शिकणार." साठी उलटलेली बाई. राघो त्यांना मैदानात न्यायचा. त्यानं त्यांना आधी थांबायला शिकवलं. त्या ते पटकन शिकल्या, आणि पटकन विसरल्या. ज्या दिवशी काकूंनी पहिल्यांदा स्वतः फियाट मंडईतून नेली, त्या दिवशी भाजीवाल्यांनी टोपल्या उचलल्या. राघो शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसला होता, असं पाहणारे सांगतात. एक हात हॉर्नवर ठेवूनच त्या चालवायच्या. महिन्याभरात त्यांना ड्रायव्हरची गरज राहिली नाही.

राघोनं मग काही दिवस एका शाळेची मेटॅडोर चालवली. पण रस्त्यात इतक्यांदा थांबायचा की मुलांची प्रार्थना चुकायची, आणि हेडमास्तरांनी त्याला गोडीनं निरोप दिला. तो मंदाला आणि मुलींना घेऊन दिघाशीला गेला. थोडी शेती होती, थोडं दुकान टाकलं.

अठ्ठ्याण्णवच्या निवडणुकीत माझी ड्युटी दिघाशीला लागली. राघो भेटायला आला. केस पिकले होते, बाकी तसाच. शाळेपर्यंत सोडतो म्हणाला आणि आम्ही रस्त्यानं बोलत चाललो. मागं बऱ्याच लांब एका पक्षाची जीप दिसली. अजून तिचा आवाजही नीट ऐकू येत नव्हता. राघोनं माझा दंड धरला आणि मला रस्त्याखाली, शेतात ओढलं.

"अरे, लांब आहे ती," मी म्हणालो. "आणि पहिला मान आपला ना? तू सगळ्या भिवंडीसाठी थांबलास."

"मी थांबलो," राघो म्हणाला. "पण त्या जीपमधी कोण बसलाय ते म्हाईत न्हाय ना मास्तर."

जीप गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला. मंदानं सोबत शेंगा दिल्या होत्या. त्या खात आम्ही बांधावरूनच शाळेकडं निघालो, आणि तो मला यंदा भाताला किती पाणी मिळालं ते सांगत राहिला.